शेवटचं पाणी

"मी मेल्यावर मला आंघोळ घालाल तेव्हा शेवटच्या पाण्यात कापराबरोबर थोडं सॉफ्टनर पण टाका," असं शेखलाल एकदा म्हणाला.

घरी नव्हे. डाइंगमध्ये, दुपारच्या सुट्टीत, डब्याचं झाकण काढता काढता. ऐकणारे हसले. शेखलाल हसला नाही. त्याने झाकणात कालवण ओतलं, भाकरी मोडली आणि जेवायला लागला. मयताच्या शेवटच्या पाण्यात कापूर असतो हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. टॉवेलच्या सुताचं शेवटचं पाणी सॉफ्टनरचं असतं हेही माहीत होतं. त्याने माहीत असलेल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एवढंच. संध्याकाळच्या आत हे वाक्य कुणाच्या तरी सायकलवरून त्याच्या घरी पोचलं. त्याची बायको गुलबानो हिने कानाच्या पाळ्यांना हात लावला आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं. का बंद केलं हे शेखलालने विचारलं नाही. त्यामुळे ते पुन्हा कधी सुरू झालं हेही नीट लक्षात राहिलं नाही.

डाइंग म्हणजे सूत रंगवायचा कारखाना. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग जिथे संपतात तिथे तो होता. कोरं सूत मेणचट असतं, पाण्यात टाकलं तरी पाणी घेत नाही. म्हणून ते कॉस्टिक सोड्यात उकळायचं. मेण जातं, डिंक जातो. मग धुवायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं, आम्लाच्या हलक्या पाण्यातून काढायचं, पुन्हा धुवायचं. एवढं सोसल्यावर सूत कोरड्या गवतासारखं होतं. मग शेवटचं पाणी. सॉफ्टनरच्या पांढऱ्या पापड्या गरम पाण्यात विरघळल्या की दुधासारखं काहीतरी तयार होतं. सूत त्यात बुडवून काढलं की मऊ पडतं आणि पुन्हा माणसांत येतं.

शेखलाल तरुणपणी कॉस्टिकच्या टाकीवर लागला आणि उतारवयात शेवटच्या पाण्यावर पोचला. यालाच तिथे बढती म्हणत. टाकीवरच्या वर्षांनी त्याच्या नखांचा वरचा थर नेला होता आणि बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत केली होती. त्या बोटांनी तो जगातली सगळी कापडं तपासायचा. लग्नात नवरदेवाची शेरवानी. दवाखान्यात पलंगावरची चादर. मयताला गेला तरी कफनाचं कापड दोन बोटांत धरून बघायचा. कुणी डोळे वटारले तर हळू आवाजात सांगायचा, "खळ आहे. धुतल्यावर जाईल."

सॉफ्टनर जास्त झालं की टॉवेल पाणी टिपत नाही, नुसता अंगावरून फिरतो. हे शेखलालला माहीत होतं. पण टॉवेल दुकानात विकला जातो, न्हाणीघरात नाही. दुकानात गिऱ्हाईक तो गालाला लावून बघतं, आणि तेव्हा गिऱ्हाइकाचा गाल कोरडा असतो. सोलापूरच्या टॉवेलचं नाव असंच झालं, असं त्याचं मत होतं. ते त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

पुढे मालकाच्या मुलांनी डाइंग बंद केली. बॉयलर भंगारात गेला. शेवटच्या दिवशी माणसांनी आठवण म्हणून काहीबाही नेलं. कुणी पंखा नेला, कुणी घड्याळ नेलं, एकाने तर मालकाच्या केबिनचं दार नेलं. शेखलालने सॉफ्टनरच्या पापड्यांचा अर्धा भरलेला निळा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि घरी आणला.

घरी बसल्यावर तो घरातले कपडे शेवटच्या पाण्यातून काढू लागला. गुलबानोच्या ओढण्या डोक्यावर थांबेनाशा झाल्या. फरशी पुसायचं फडकं फरशी पुसेना.

"तुमे कामकू जाव जी," ती म्हणाली. "नै तो ये डब्बा मै भंगारवाले को देतूं."

"कौन लेता मेरेकू इस उमर में?"

"मेरेकू क्या मालूम. डब्बे को तो भंगारवाला लेता."

अशा दिवसांत धम्मप्रिया त्याला शोधत आली.

धम्मप्रिया सोलापूरचीच. वडील रेल्वेत होते. ती प्लास्टिक आणि रेझिन यांचं शिक्षण घेऊन पुण्याकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं होती. मग ती नोकरी सोडून परत आली आणि याच एमआयडीसीत बंद पडलेल्या मागांची एक शेड भाड्याने घेतली. माग गेले होते, पण ते जिथे रोवलेले होते ती भोकं फरशीत तशीच होती. नवीन माणूस पहिल्या दिवशी त्यांत ठेचकाळायचा.

तिला बसच्या सीटमागे लावतात ती पाठ बनवायची होती. रेझिन मधासारखं दाट असतं. त्यात कडक करणारं रसायन मिसळून साच्यात ओतलं की काही वेळाने ते दगड होतं. पण नुसतं रेझिन खारी बिस्किटासारखं तुटतं, म्हणून त्यात धागा घालतात. सगळीकडे काचेचा धागा घालतात. तो मजबूत असतो, पण कापणाऱ्याच्या अंगात रुततो, आणि रात्रंदिवस खाज सुटते. धम्मप्रियाला त्याच्या जागी केळीचा धागा घालायचा होता. करमाळ्याकडे केळी भरपूर. घड उतरवला की बुंधा कापून बांधावर टाकतात. त्या बुंध्याची सोपटं, म्हणजे एकावर एक असलेले थर, यंत्रातून ओढली की लांब, पिवळसर धागा निघतो.

अडचण एकच होती. या धाग्यावरही मेण असतं, डिंक असतो. रेझिन त्याला धरत नाही. ते काढायला कॉस्टिक लागतं, आणि कॉस्टिक हाताळणारा माणूस लागतो.

"चाचा, कॉस्टिकचं काम येतं का तुम्हाला?" तिने विचारलं.

शेखलालने हात पुढे केले. तिने नखं पाहिली.

"उद्यापासून या," ती म्हणाली.

तिने त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. कॉस्टिक किती, वेळ किती, धुणं कसं, आम्लाचं पाणी किती. मेण आणि डिंक गेला पाहिजे, रेझिनने धागा घट्ट धरला पाहिजे. शेखलालने मान हलवली. त्याने रेझिन कधी पाहिलं नव्हतं. पण मेण काढायचं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. शेवटी सॉफ्टनर घालू नका, असं धम्मप्रियाने सांगितलं नाही. ते सांगायचं तिला सुचायचं काही कारणच नव्हतं. पाहुण्याला पाणी द्या, पण तांब्यात माती कालवू नका, असं कुणी सांगत नाही.

करमाळ्याकडच्या केम गावाहून नवनाथने धाग्याचे गठ्ठे पाठवले. नवनाथचं स्टेशनजवळ शेत होतं आणि शेताच्या कडेला पत्र्याखाली धागा काढायचं यंत्र. गावातल्या बायका तिथे कामाला यायच्या. शेखलालने धागा कॉस्टिकमध्ये घातला, ढवळला, धुतला, आम्लातून काढला, पुन्हा धुतला. वाळवायच्या आधी त्याने तो हातात घेतला. हाताला तो झाडूसारखा लागला. दुसऱ्या दिवशी शेखलालने घरून निळा डबा आणला, बादलीत गरम पाणी घेतलं, मूठभर पापड्या टाकल्या आणि धागा त्यातून काढला. कुणापासून लपवून नव्हे. प्रेसवर, म्हणजे साचा दाबायच्या यंत्रावर, काम करणारा येडू शेजारीच तंबाखू मळत बसला होता. चाचा धागा धुतायत, असं त्याला वाटलं. चाचांनाही तसंच वाटलं.

धागा वाळला तेव्हा धम्मप्रियाने त्यावरून हात फिरवला.

"अरे वा, चाचा! एवढा मऊ होतो?"

"होतो की," शेखलाल म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याला जेवण गोड लागलं.

पहिली पाठ तयार झाली. रंग मधासारखा, आत धाग्याच्या रेषा. बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्याचे साहेब आले. पाठीवर बोट वाजवून त्यांनी आवाज ऐकला. मग येडूने ती शिकंज्यात धरली आणि लोखंडी पाइपाने वाकवली. पाठ मोडली. आवाज न करता, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तशी. मोडलेल्या कडेतून धागे बाहेर आले, लांब लांब, मिशांसारखे.

"हे बसमध्ये लावलं तर मागचा माणूस पुढच्याच्या मांडीवर येईल," साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "आणखी दोनदा बघू. नाहीतर आपली काच आहेच."

म्हणजे आणखी दोन संधी. त्या गेल्या की शेड बंद करायची आणि पुण्याच्या कंपनीत परत जायचं, असं धम्मप्रियाने ठरवलं होतं. तिने ते सगळ्यांना सांगितलंही होतं. ती काही लपवून ठेवत नसे.

"मेण पूर्ण गेलेलं नाही," ती म्हणाली. "चाचा, कॉस्टिक वाढवू. वेळ पण वाढवू."

"वाढवू की."

"तुम्ही आणखी काही घातलं होतं का?"

"कॉस्टिक," शेखलाल बोटांवर मोजत म्हणाला, "पाणी. आम्ल. पाणी."

तो खोटं बोलत नव्हता. डाइंगमध्ये कुणी सुताला काय काय घातलं असं विचारलं तर सॉफ्टनर त्यात धरत नसत. रसायन ते, जे सुताला त्रास देतं. सॉफ्टनर म्हणजे झालेल्या त्रासाबद्दलची दिलगिरी.

कॉस्टिक वाढवलं तसा दुसऱ्या वेळी धागा आणखी खरखरीत झाला. म्हणून शेखलालने पापड्याही वाढवल्या.

दुसरी पाठ पहिलीपेक्षा लवकर मोडली.

या वेळी साहेब रुमालाने हात पुसून निघून गेले. धम्मप्रिया मोडलेला तुकडा घेऊन टेबलाशी बसली. शेखलाल समोर उभा होता.

"बघा ना, चाचा. धागा तुटलेलाच नाही. निसटलाय. म्यानातून तलवार काढावी तसा सुखरूप बाहेर आलाय. कॉस्टिक वाढवलं तर निसटणं कमी व्हायला पाहिजे. वाढलं कसं?"

शेखलालने तुकडा घेतला. कडेतून आलेली एक मिशी त्याने दोन बोटांत धरली आणि सवयीने चोळली.

ती मऊ होती.

पहिल्यांदा त्याला अभिमान वाटला. एवढ्या रेझिनमधून, एवढ्या गरम प्रेसखालून त्याचं शेवटचं पाणी शाबूत बाहेर आलं होतं. ही बोटं दुसऱ्या कुणाची असती तर त्यांना ते ओळखता आलं नसतं. मग अभिमान सरला, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. ज्याचं अंग गुळगुळीत केलं आहे त्याला कुणी धरणार कसं? हे त्याला गुलबानोच्या ओढणीवरून कळायला हवं होतं. फडक्यावरून कळायला हवं होतं. त्याने मिशी पुन्हा चोळली.

"माल खराब आहे," धम्मप्रिया म्हणाली. "दुसरं काही उरलंच नाही. बुंधे कापून दिवसच्या दिवस पडू देत असणार. सोपट आतून कुजलं की धाग्यात जीव राहत नाही."

आता बोलायला हवं होतं. तेवढ्यात येडू चहा घेऊन आला. शेखलालने चहा घेतला. चहा संपला तेव्हा धम्मप्रिया फोनवर होती आणि स्पीकरमधून नवनाथचा आवाज येत होता.

"कुजका? ताई, सकाळी कापलेला बुंदा दुपारच्या आत मशिनीत जातोय. माजी बायको सोता उबी असती तितं."

"नवनाथराव, दोनदा मोडलं."

"मोडलं आसंल. पर माज्या धाग्यानं न्हाय मोडलं."

"मग कशानं?"

नवनाथला ते माहीत नव्हतं. शेखलालला माहीत होतं. त्याने रिकामा कप खाली ठेवला. स्पीकरमधून केम स्टेशनवरून जाणाऱ्या मालगाडीचा आवाज येत राहिला.

तिसऱ्या वेळेसाठी धम्मप्रियाने अकलूजकडून धागा मागवला. दिसायला तो तसाच होता. शेखलालने तो कॉस्टिकमधून काढला, धुतला, आम्लातून काढला, धुतला आणि तसाच दोरीवर टाकला. निळा डबा उघडला नाही. धागा वाळून दोरीवर ताठ उभा राहिला. शेखलाल त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसला.

"चाचा, या वेळी धागा लई राठ दिसतो," येडू म्हणाला. "हाताला टोचतो की."

"अकलूजचा आहे," शेखलाल म्हणाला. हे खोटं नव्हतं. पण हे म्हटल्यावर त्याने जेवणाचा डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच राहिली.

तिसरी पाठ येडूने शिकंज्यात धरली. पाइप लावला. पाठ वाकली, थांबली, पाइप वर आला. येडूने अंगाचा भार टाकला. साहेबांनी पण हात लावला. शेवटी ती मोडली तेव्हा पत्र्याखालची कबुतरं उडाली एवढा आवाज झाला. मोडलेली कड बोथट होती. मिशा नव्हत्या. धागे रेझिनबरोबरच तुटले होते.

साहेबांनी पहिली ऑर्डर तिथेच उभ्या उभ्या दिली. धम्मप्रियाने सगळ्यांना चिवडा आणि पेढे आणवले. शेखलालच्या हातात तिने दोन पेढे ठेवले.

"बघितलंत, चाचा? मी म्हटलं नव्हतं, सगळा दोष केमच्या धाग्याचा? आपण फक्त धागा बदलला. बाकी सगळं तेच."

"हां," शेखलाल म्हणाला.

"नवनाथला सांगितलंय, परवा येऊन उरलेले गठ्ठे घेऊन जा. आणि तुम्ही आता कायमचे. तुमच्या हाताखाली दोन माणसं देते. कॉस्टिकचं खातं तुमचं."

शेखलालने एक पेढा खाल्ला. दुसरा खिशात टाकला.

घरी त्याने तो गुलबानोला दिला आणि सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. पेढा तिने बाजूला ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमारी नौकरी पक्की हुई," ती म्हणाली.

"हौ."

"उनकी शीट पास हुई."

"हौ."

"तो फिर बुरा किसका हुआ?"

"वो केमवाले का."

"वो दुसरे को बेचेंगा ना."

"कौन लेता? केम का धागा सडेला है बोलके सबकू मालूम हो जाता. वहां बायकां काम करते उसकी मशीन पे. मशीन बंद."

गुलबानोने लसणाची साल फुंकली. "तो बोल डालो."

"कैसा बोलना? मुंह पे पूछी मॅडम, क्या डाले क्या डाले बोलके. अब बोला तो बोलेंगी, बुढ्ढा चोर है."

"चोर लेके जाता. तुमे तो डाल के आए," गुलबानो म्हणाली आणि पुन्हा लसूण सोलू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "मुंह से नै होता तो नक्को बोलो. हात है ना?"

दुसऱ्या दिवशी शेखलाल शेडवर सगळ्यांच्या आधी गेला. कोपऱ्यात नवनाथचे उरलेले गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. प्रत्येकाला केमचं नाव लिहिलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. त्यांतला एक त्याने सोडला आणि त्याचे दोन भाग केले. दोन्ही एकाच टाकीत, एकाच कॉस्टिकमध्ये, एकाच वेळी घातले. एकाच पाण्याने धुतले. मग एक भाग दोरीवर टाकला आणि दुसरा गरम पाण्याच्या बादलीशी नेला. निळा डबा उघडताना त्याचे हात नेहमीसारखेच चालत होते. उन्हाळा होता, दुपारपर्यंत दोन्ही वाळले.

"येडू, ह्याच्या दोन छोट्या पाट्या दाबून दे," तो म्हणाला.

"ऑर्डरीतल्या का?"

"नाही."

"मॅडमना विचारलं का, चाचा?"

"तू प्रेसवाला का पोलीस?"

येडूने पाट्या दाबल्या. चाचांना कायम केल्यापासून ते जरा चढले, असं त्याला वाटलं, आणि ते त्याने बाहेर चहाच्या गाड्यावर सांगितलंही.

ठरल्याप्रमाणे नवनाथ टेम्पो घेऊन आला. उन्हातून आला होता. टोपी काढून त्याने तोंड पुसलं आणि धम्मप्रियाने दिलेलं पाणी न पिता तांब्या टेबलावर ठेवला.

"ताई, येक सांगा. माज्या मालात खोट काय, ती दावा. बगतो, सुदारतो. नुसतं कुजका म्हणू नका. लोक इचारत्यात. मशीन आनली तवा सगळं गाव बगाय आलतं. आता बायका इचारत्यात, उद्या यायचं का न्हाय म्हनून."

"नवनाथराव, माझं तुमच्याशी वैर आहे का? धागा बदलला, पाठ पास झाली. याहून काय दाखवू?"

"व्हय," नवनाथ म्हणाला. त्याने टोपी डोक्यावर घातली. "व्हय, तसं बगितलं तर खरं हाय." तो गठ्ठ्यांकडे वळला. येडूने एक गठ्ठा उचलून दिला, नवनाथने तो टेम्पोत टाकला. मग दुसरा. नवनाथ गठ्ठे आपटत नव्हता. खाली ठेवताना तो प्रत्येकाची सुतळी घट्ट आहे ना हे बघत होता.

शेखलाल आतून आला. त्याच्या एका हातात दोन पाट्या होत्या, दुसऱ्या हातात निळा डबा आणि केमच्या नावाची चिठ्ठी. चिठ्ठी त्याने टेबलावर ठेवली. तिच्यावर पाट्या ठेवल्या, डबा बाजूला ठेवला.

"हे काय, चाचा?" धम्मप्रियाने विचारलं.

त्याने एक पाटी शिकंज्यात धरली आणि पाइप लावला. एकट्याने वाकेना. नवनाथने टेम्पोतून पाहिलं, खाली उतरला आणि न विचारता पाइपाला हात लावला. पाटी मोठ्या आवाजाने मोडली. कड बोथट.

दुसरी पाटी शेखलालने एकट्याने वाकवली. ती मुकाट्याने मोडली. कडेतून मिशा आल्या.

धम्मप्रियाने दोन्ही तुकडे घेतले. एकदा याची कड पाहिली, एकदा त्याची. "धागा कुठला हा?"

शेखलालने टेम्पोकडे बोट दाखवलं.

"दोन्ही?"

त्याने मान हलवली. मग निळ्या डब्याचं झाकण काढलं, चिमूटभर पापड्या तळहातावर घेतल्या आणि मिशा आलेल्या तुकड्याशेजारी ठेवल्या. धम्मप्रियाने एक पापडी बोटांत चुरगळली. मग कडेतून एक धागा ओढून काढला आणि त्याच बोटांनी चोळला. ती खूप वेळ चोळत राहिली. ती या विषयात शिकलेली होती, तिला कुणी आणखी समजावून सांगायची गरज नव्हती.

"पहिल्या पाठीत पण होतं?" तिने विचारलं.

मान हलली.

"दुसरीत जास्त?"

मान हलली.

"आणि तिसरीत घातलंच नाही." हे तिने विचारलं नाही, नुसतं म्हटलं. ती खुर्चीत बसली. "दोन गोष्टी बदलल्या होत्या. आणि मला वाटलं, एकच बदलली."

"ताई, काय झालं त्ये मला बी सांगा की," नवनाथ म्हणाला. त्याचा हात अजून पाइपावर होता.

"तुमचा धागा चांगला आहे," धम्मप्रिया म्हणाली. "गठ्ठे उतरवा."

"उतरवू?"

"सगळे. आणि अकलूजवाल्यांना मी फोन करते. अर्धा माल तुमचा, अर्धा त्यांचा. आणि गावात कुणी विचारलं तर माझा नंबर द्या. चूक इथली होती, असं मी सांगेन."

नवनाथने एकदा शेखलालकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. शिवी द्यायला तोंड उघडल्यासारखं त्याने केलं. मग टेबलावरचा तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्याला.

"म्हातारबा," तो म्हणाला, "माजी बायको रडली ओ तीन दिस. पयल्या दिशी सांगायचं न्हाय व्हय?"

शेखलालने डब्याचं झाकण लावलं. येडू भिंतीकडे बघत होता.

"चाचा," धम्मप्रिया म्हणाली, "मी विचारलं होतं ना तुम्हाला? तोंडावर विचारलं होतं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती उत्तराची वाट बघत राहिली. उत्तर आलं असतं तर तिने ते ऐकून घेतलं असतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. शेवटी तिने समोरची खुर्ची पायाने पुढे ढकलली. "बसा. उद्याची टाकी कोण लावणार हे ठरवायचंय."

शेखलालने कमरेला खोचलेले रबराचे हातमोजे काढले, उलटे करून झटकले आणि दोरीवर अडकवले. विचारूनही न सांगणाऱ्याने त्या खुर्चीवर बसावं असं त्याला वाटेना. खुंटीवरची पिशवी काढली. खुर्चीला वळसा घालून, फरशीतली भोकं चुकवत तो दारापर्यंत गेला, चपला घातल्या आणि बाहेर पडला.